तांबं, चांदी आणि कोबचे गुणी हात

कोबचं खरं नाव सावलक. ते तिच्या पदवीच्या कागदावर आहे, बाकी कुठे नाही. आमच्या भाषेत कोब म्हणजे बेडूक. जन्मली तेव्हा पोट एवढं मोठं आणि हातपाय नुसत्या काड्या, म्हणून आईने हे नाव ठेवलं, आणि आमच्या रायोंगकडे घरात पडलेलं नाव एकदा चिकटलं की चिकटलं. माझं नाव मोट, म्हणजे मुंगी. आम्हा दोघींना ओळखणारे लोक म्हणतात, नावं कशी नेमकी पडली आहेत बघा. एकीने राबायचं आणि दुसरीने टुणकन उडी मारून पुढे जायचं. असं कुणी म्हणालं की मी हसते. हसले नाही तर लोकांना कळेल ना.

मी कोबवर जळते. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे माझ्याकडून कुणी मोठ्या मनाची अपेक्षा करणार नाही. शाळेत असल्यापासून जळते आहे. कधी कमी, कधी जास्त, पण खंड पडलेला नाही. तिच्याबद्दल लिहायला सगळ्यांनी मला सांगितलं, कारण तिला सगळ्यात जास्त मी ओळखते. ते खरंच आहे. आवडत्या माणसाकडे आपण इतकं बारकाईने बघत नाही.

ती बान फे या कोळ्यांच्या गावची. समुद्राला लागून घर, अंगणात माणसाच्या उंचीचे रांजण, आणि त्यांत मीठ घालून मुरत ठेवलेले मासे. तिची आई नामप्ला करते. मुरलेल्या माशांचं ते तपकिरी पाणी नसेल तर आमच्याकडे भात घशाखाली उतरत नाही, पण जिथे ते तयार होतं तिथे नाक मुठीत धरून उभं राहावं लागतं. कोब शाळेत आली ती तो वास घेऊनच. बाईंनी तिला माझ्या शेजारी बसवलं. मी घरी जाऊन तक्रार केली. आमच्या वडिलांचं औषधाचं दुकान, मी स्वच्छ गणवेशातली, वर्गात पहिली येणारी मुलगी. वडील म्हणाले, महिनाभर सोस, मग बघू. महिनाभरात परीक्षा झाली आणि ती पहिली आली.

तेही सोसलं असतं. पण तिने काय करावं? आईकडून नामप्लाची बाटली मागून आणली आणि आमच्या घरी दिली. "मोटने मला तिच्या वह्या वाचायला दिल्या म्हणून," असं माझ्या वडिलांना हात जोडून म्हणाली. मी वह्या दिल्या नव्हत्या. ती मधल्या सुट्टीत न विचारता घेऊन वाचत होती. वडिलांनी त्या दिवशी जेवताना तीनदा भात घेतला आणि म्हणाले, "काय गुणाची पोर आहे!" माझे वडील! मी अर्ध्या ताटावरून उठले. का उठले, हे कुणी विचारलंही नाही.

तिच्या स्वभावाबद्दल लोक जे सांगतात ते सगळं खरं आहे. ती मोठ्याने हसते. बेसूर गाते आणि गात राहते. कच्च्या आंब्याची फोड तिखटमिठात बुडवून दुसऱ्याच्या तोंडात घालते, त्याला हवी असो वा नसो. वस्तू जागेवर ठेवत नाही. उशिरा येते आणि आली की सगळ्यांना बरं वाटतं. मी वेळेवर येते. मी आल्यावर कुणाला काही वाटत नाही.

आम्ही दोघी रसायनशास्त्रच शिकलो आणि दोघी एकाच प्रयोगशाळेत आलो, आचान प्रपाय यांच्याकडे. आचान म्हणजे आमच्याकडे गुरुजन. प्रपायबाई साठीला आलेल्या, केस पांढरे, आवाज बारीक, आणि त्यांच्यासमोर खोटं बोलायची कुणाची छाती नाही. त्यांच्याकडचं काम सांगायला सोपं आहे. किनाऱ्यावरच्या कारखान्यांच्या धुरात कार्बन डायऑक्साइड असतो. तो वायू थकलेला, कशालाच उपयोगी न पडणारा. त्याला पाण्यासोबत सेलमध्ये, म्हणजे वीज जोडलेल्या बंद डब्यात, आणायचं, वीज द्यायची आणि त्यातून पुन्हा काहीतरी कामाचं काढायचं. पण नुसत्या विजेने तो हलत नाही. त्याला धरून ठेवणारा, वळवणारा धातू लागतो. तांबं चांगलं, पण तांब्याचा हात सैल. दहा पदार्थ एकदम बनवून ठेवतं. म्हणून तांब्यात दुसरा धातू मिसळायचा, त्या मिश्रधातूचे डोळ्याला न दिसणारे इतके बारीक कण करायचे, आणि काय निघतं ते बघायचं. आम्हाला हवं होतं इथेनॉल. तेच, जे दारूत असतं आणि गाडीतही जाळता येतं.

मी तांब्यात जस्त घालत होते. कोब तांब्यात चांदी. दोघींचंही इथेनॉल निघायचं, पण चिमूटभर.

आता गुरुवंदनेचा दिवस. जूनमधला गुरुवार असतो. शाळेत मुलं दूर्वा आणि वांग्याच्या फुलांची तबकं घेऊन गुरूंच्या पाया पडतात, तसं आम्ही एवढ्या मोठ्या झालो तरी प्रयोगशाळेत करतो. आचान प्रपाय यांच्याकडे आणखी एक रीत आहे. नाचणारे आपले मुखवटे पुजतात, वाजवणारे वाद्यं पुजतात, तर आपणही ज्या हत्याराने काम करतो ते पुढे ठेवायचं. आचान त्यावर सुगंधी पांढऱ्या मातीच्या लेपाचे तीन ठिपके लावतात आणि वर सोन्याचा वर्ख दाबतात. खरा वर्ख, देवळाजवळच्या दुकानातला, बोटाने नुसता शिवला तरी फाटणारा. त्या वेळी पंखे बंद ठेवावे लागतात.

आम्ही दोघींनी आपापली स्प्रेगन ठेवली होती. रंगारी वापरतात तशीच, फक्त छोटी, वर चमचाभर शाई मावेल एवढा कप असलेली. धातूच्या कणांची पूड स्पिरिटात मिसळून शाई करायची आणि कार्बनच्या धाग्यांच्या काळ्या कागदावर ती फवारायची. तो कागद सेलमध्ये बसतो. आचान ओळीने आल्या. कोबपाशी आल्या तेव्हा तबकात एकच वर्ख उरला होता. तो त्यांनी तिच्या स्प्रेगनच्या कपाच्या काठावर दाबला, वरून अंगठा फिरवला, आणि त्याचा अर्धा भाग कपाच्या आत वळला. मग त्या माझ्याकडे आल्या. तीन ठिपके लावले आणि म्हणाल्या, "मोट, वर्ख संपला गं. तुला पुढच्या वर्षी."

"चालेल, आचान," मी हात जोडून म्हणाले.

मला चाललं नव्हतं. बोटाएवढ्या वर्खाचं काय ते, असं कुणी म्हणेल. त्यांनी म्हणावं खुशाल, त्यांच्या समोरून तो दुसरीला गेला नव्हता. कोब स्प्रेगन उजेडात फिरवून बघत होती आणि म्हणत होती, "अगं बघ ना, कशी नवरीसारखी दिसते!" मी म्हणाले, "छान आहे." ती संध्याकाळ माझी फुकट गेली.

आणि त्यानंतर कोबचं इथेनॉल वाढलं. थोडंथोडकं नाही, सेलमध्ये घातलेल्या विजेतली अर्धी वीज सरळ इथेनॉलमध्ये जायला लागली. असा आकडा आमच्याकडे कुणी पाहिला नव्हता. मोजणारं चुंबकाचं यंत्र थीरादादा सांभाळतो. तो सहसा कुणाशी बोलत नाही, पण त्या दिवशी तो स्वतः चालत आमच्या टेबलापाशी आला. "कोब, तू यात काय ओतलंस? दारूचं दुकान लुटलंस का?"

कोब खदखदून हसली. मला मात्र त्या थट्टेत आशा दिसली. आम्ही काचेची भांडी इथेनॉलने धुतो. ही बेशिस्त बाई, नीट वाळवत नसणार! ते धुण्याचं इथेनॉलच मोजलं जात असणार. सगळ्यांच्या देखत मी आचानना म्हणाले, "जड कार्बनची चाचणी करायला हवी." म्हणजे असं, की खुणेचा जड कार्बन असलेला वायू सेलमध्ये सोडायचा. इथेनॉलमध्ये जड कार्बन आला तर ते वायूतून बनलं. साधा आला तर भांड्यातून. त्या वायूची टाकी आचान कुलुपात ठेवतात.

"बरोबर बोललीस," आचान म्हणाल्या. "कोब, तुझी हरकत?"

"हरकत कसली? मोटने सुचवलं ते बरं झालं, नाहीतर बाहेरच्यांनी सुचवलं असतं," कोब म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा असता तर मला किती बरं वाटलं असतं.

चाचणी झाली. इथेनॉलच्या प्रत्येक थेंबात जड कार्बन होता. सगळं वायूतूनच आलेलं, अस्सल. कोबने सगळ्यांना खाऱ्या खेकड्याचं सोमतम खायला घातलं. कच्च्या पपईचा तो पदार्थ तिने इतका तिखट करवून घेतला होता की माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि कोब सगळ्यांना सांगत होती, "बघा, मोटला माझ्यासाठी रडू येतंय!"

पुढे गोष्ट वाढली. किनाऱ्यावरच्या एका कारखान्याने ठरवलं की खोलीएवढा मोठा सेल बांधायचा, खरा धूर आणून त्यात सोडायचा. मिश्रधातू आचानच्या प्रयोगशाळेतून एकच निवडायचा, आणि तो ज्याचा त्यानेच तिकडे जाऊन सेल सांभाळायचा. स्वतःची प्रयोगशाळा, हाताखाली माणसं, दारावर नाव. मला ती जागा हवी होती. आयुष्यात दुसरं काही इतकं हवंसं वाटलेलं मला आठवत नाही. आणि ती जागा कोबची होणार हे झाडूवाल्या मावशींनाही माहीत होतं.

मग कोबचं इथेनॉल कमी व्हायला लागलं.

आधी थोडं. ती म्हणाली, कागदाचा गठ्ठा वाईट आला असेल. मग निम्मं. तिने पूड नव्याने बनवली. मग पूर्वी निघायचं तेवढंच, चिमूटभर. तिने पुन्हा पूड बनवली, पाणी बदललं, सेलचा पडदा बदलला. बाटलीतली पूड तपासायला पाठवली. तांबं तेवढंच, चांदी तेवढीच, कण तेवढेच बारीक. काही फरक नाही. कोब गायची थांबली. आंबा कुणाच्या तोंडात घालेना. लवकर यायला लागली, आणि ती लवकर आली की प्रयोगशाळेत सगळे हळू आवाजात बोलायचे.

मला आनंद झाला. मी लपवत नाही. मला आतून उकळ्या फुटत होत्या. भूक लागायला लागली. आईने फोनवर विचारलं, "आवाज आज एवढा खुलला कसा?"

त्याच आठवड्यात एका सकाळी मी माझी स्प्रेगन धुऊन मांडणीवर ठेवत होते. शेजारी कोबची होती, नेहमीसारखी उघडीच टाकलेली. खाचेत पांढऱ्या लेपाचा ठिपका अजून होता. मी वर्ख बघायला गेले. बघायला म्हणजे काय, दर काही दिवसांनी मी तो बघायचेच. जखमेवरची खपली माणूस उगाच चाचपतो ना, तसं. वर्ख नव्हता. कपाच्या बाहेरचा पुसून गेला होता आणि आतला तर पार नाहीसा झाला होता.

मी तशीच उभी राहिले. आम्ही सगळे शाई काचेच्या बाटलीत करतो, आणि ती बाटली पाण्यात बारीक थरथर उठवणाऱ्या भांड्यात धरतो, म्हणजे पूड नीट मिसळते. कोबला बाटली धुवायचा कंटाळा. ती पूड आणि स्पिरिट सरळ स्प्रेगनच्या कपात घालते आणि कपच भांड्यात धरते. त्या थरथरीने तर काचेवरचा डागसुद्धा सुटतो. आत वळलेला वर्ख रोज थोडा थोडा सुटत होता, भुगा होऊन शाईत जात होता आणि कागदावर बसत होता. तांबं, चांदी आणि सोनं. बाटलीतली पूड तपासून ते कुणाला दिसणार नव्हतं, कारण सोनं बाटलीत नव्हतंच. आणि वर्ख संपला तसं इथेनॉल संपलं.

जगात हे फक्त मला माहीत होतं. मी स्प्रेगन होती तशी ठेवली आणि चहा प्यायला गेले.

मला न बोलणं जड गेलं असं कुणाला वाटत असेल तर तसं काही नाही. मी मजेत होते. कोब माझ्या शेजारी बसून डोकं धरायची आणि मी तिला म्हणायचे, "होतं असं कधी कधी." एकदा तिची आई रांजणाचं काम टाकून तिला डबा द्यायला आली आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "मोट, पोर रात्री झोपत नाही बघ. तू हुशार आहेस, तिला काहीतरी सांग ना." मी म्हणाले, "मावशी, यात सांगण्यासारखं काही नसतं." मावशींनी माझ्या हातात तळलेल्या माशाची पुडी दिली. मी ती खाल्ली. चांगली होती.

शुक्रवारी आचाननी आम्हा दोघींना त्यांच्या खोलीत बोलावलं. टेबलावर रामबुतानच्या फळांची सालं पडली होती, म्हणजे त्यांनी बराच वेळ विचार केला होता. त्या म्हणाल्या, "सोमवारी कारखान्याची माणसं येतील. आपण त्यांना मोटचं तांबं-जस्त देऊ. आकडा मोठा नाही, पण रोज तोच येतो. मोट, तयारीला लाग. जागा तुझी."

मला कानात शिट्टी वाजल्यासारखं झालं. कोबने मान हलवली. "बरोबर आहे, आचान," ती म्हणाली, आणि माझा हात धरला. "मोट, छान झालं गं." हात गार होता. ती मनापासून म्हणत होती. तिला दुसरं काही येतच नाही.

इथे मी पाया पडून उठायला हवं होतं. उठतच होते. पण आचाननी एक उसासा सोडला आणि खिडकीकडे बघत म्हणाल्या, "मोट, तू कष्टाळू आहेस, तुझी मला कधी काळजी वाटली नाही. पण कोबचे हात गुणी होते गं. असे हात एखादीलाच मिळतात. काय झालं असेल त्यांना, देव जाणे."

गुणी हात! मी जिंकले होते, जागा माझ्या ओटीत पडली होती, ती शेजारी हरून बसली होती, आणि तरी गुणी तीच! आणि मी कोण, तर कष्टाळू. माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. आवाज माझाच होता, पण इतका मोठा मी कधी ऐकला नव्हता.

"कसले गुणी हात? हात नव्हेत ते, वर्ख होता तो! तुमचा वर्ख!"

आचान वळल्या. "कुठला वर्ख?"

"गुरुवंदनेचा! शेवटचा! तो तुम्ही हिला दिलात आणि मला नुसता लेप लावलात! ही आळशी बाई कपातच शाई ढवळते, कपच थरथरत्या पाण्यात धरते, तो सगळा वर्ख झडून शाईत गेला. सोनं बनवत होतं इथेनॉल! माझ्या स्प्रेगनला लावला असता तर माझंही बनलं असतं! हात म्हणे गुणी!"

आपण काय केलं हे मला तेव्हा कळलं. तोंडातला घास मी स्वतःच्या हाताने काढून तिच्या ताटात ठेवला होता.

कोब उठून बाहेर गेली आणि स्प्रेगन घेऊन आली. आचाननी बॅटरी लावून कपाच्या आतल्या आट्यांत बघितलं. तिथे केसाएवढी पिवळी रेघ अडकून राहिली होती. "जुना कागद आहे का एखादा? चांगल्या दिवसांतला?" त्यांनी विचारलं. कोबकडे एक होता, वहीत खूण म्हणून घातलेला. संध्याकाळपर्यंत थीरादादाने तो सूक्ष्मदर्शकाखाली घालून बघितला. तांब्या-चांदीच्या कणांमध्ये सोनं सांडलेलं होतं. म्हणजे सोनं आधी वायू अर्धवट तोडत होतं आणि तो अर्धा घास उचलून शेजारचं तांबं त्याचं इथेनॉल बनवत होतं.

आचान त्यांच्या खुर्चीत बसल्या आणि पोट धरून हसल्या. मग एकदम थांबल्या. "म्हणजे माझ्याच अंगठ्याने घाण केली की," त्या म्हणाल्या. "सोमवारच्या माणसांना पुढे ढकलायला हवं."

पुढे कोबने मोजूनमापून सोनं घातलं. इथेनॉल परत आलं, पहिल्यापेक्षा जास्त आलं आणि रोज तेवढंच येत राहिलं. मीही माझ्या तांब्या-जस्तात सोनं घालून बघितलं. कुणाला न सांगता, अर्थात. नुसता हायड्रोजन निघाला, बुडबुडे. दोनदा घालून बघितलं.

जागा कोबला मिळाली.

आणि मला काय मिळालं? मला नाव मिळालं. प्रयोगशाळेत सगळे म्हणायला लागले की मोटचं मन मोठं. आपल्या हातात आलेली जागा तिने मैत्रिणीसाठी सोडली. मला पी, म्हणजे ताई, म्हणणारी एक नवीन मुलगी डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "पी मोट, तुमच्यासारखी मोठी बहीण मला असायला हवी होती." माझे वडील फोनवर म्हणाले, "आज मला तुझा अभिमान वाटला." सातवीपासून मी या वाक्याची वाट बघत होते, आणि ते मला चुकीच्या पत्त्यावर आलेल्या पार्सलसारखं मिळालं. मी काय सांगणार होते? बाबा, मी ओरडले ते तिला खाली ओढायला?

कोबने मात्र माझ्या मोठ्या मनाबद्दल चकार शब्द काढला नाही. कारखान्याकडे जायच्या आधी तिने मला बान फेला बोलावलं. अंगणात रांजणांच्या सावलीत आम्ही बसलो. आई आत भात करत होती.

"मला तिकडे एक माणूस नेता येतो," कोब म्हणाली. "तू चल."

"तुझ्या हाताखाली?"

"हो."

"दया दाखवतेस?"

"तुझ्यावर? तुझ्यावर दया दाखवायला मी काय वेडी आहे? चावशील तू." ती हसली नाही. "तुझं मन-बिन मोठं नाही, मला माहीत आहे. तू त्या वर्खावर महिनोन् महिने जळत होतीस."

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"म्हणजे? हे गुपित होतं?" तिला खरंच आश्चर्य वाटलं. "बान फेच्या कोळ्यांनाही माहीत आहे. ऐक. ती स्प्रेगन मी रोज हातात धरत होते, मला वर्ख गेलेला दिसला नाही. आचाननी स्वतः लावला, त्यांना आठवला नाही. थीरादादाने प्रत्येक आकडा मोजला. सगळे माझ्यावर खूश होते ना, मग कोण कशाला बघतंय? माझं चांगलं चाललंय हे फक्त तुला सहन होत नव्हतं, म्हणून तुला दिसलं. तिकडचा सेल खोलीएवढा आहे, मोट. तिथेही सगळे माझ्यावर खूश राहिले तर मी मेले. मला माझ्यावर जळणारं कुणीतरी शेजारी हवं."

"आणि मी नाही म्हणाले तर?"

"तर मला भीती वाटेल," कोब म्हणाली. एवढ्या वर्षांत मी तिच्या तोंडून हा शब्द पहिल्यांदा ऐकला.

मला रडू आलं, आणि तिच्यासमोर आलं याचा संताप आला. मी हो म्हणाले. नाही म्हणून जाणार कुठे? तिच्यावर जळते तसं दुसऱ्या कुणावर जळायला मला या वयात जमलं नसतं.

आता वर्ष होत आलं. दारावर तिचं नाव आहे. माझं टेबल तिच्या टेबलाला लागून आहे. रोज सकाळी ती येण्याआधी मी तिचे कालचे आकडे उघडते आणि चूक शोधते. बहुतेक दिवशी सापडत नाही. परवा सापडली, मोठी. वायूची गळती तिने धरलीच नव्हती. महिनाभराचे आकडे फुगलेले होते. मी ते सगळ्यांच्या बैठकीत काढलं, मुद्दाम, कारखान्याच्या साहेबांसमोर. कोबने कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि उठून सगळ्यांच्या देखत मला मिठी मारली. "वाचवलंस," ती म्हणाली. तिच्या केसांना अजून तोच खारवलेल्या माशांचा वास येतो. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मला दुपारी जेवण गेलं नाही. तिचा चेहरा जरा पडावा, एवढंच मला हवं होतं.